डाव्या टाचेचा ठसा

सखोबा कुंभार तालमीत आले की आधी माणसांकडे पाहत नसत, मातीकडे पाहत. कसबा पेठेतल्या आमच्या आखाड्याची माती त्यांनी आपणहून सांभाळायला घेतली होती. ताक, तेल, हळद घालून ते ती कालवीत आणि रोज पहाटे खोऱ्याने उकरीत. उकरण्यापूर्वी मात्र आदल्या दिवसाचे ठसे वाचून काढीत.

मी तेव्हा सरकारी फडात, म्हणजे दप्तरात, कारकून होतो. दिवसभर मांडी घालून लेखणी चालवावी आणि पहाटे कुस्ती करावी, असा क्रम होता. फडात माझ्या अक्षराला नाव नव्हते. तालमीत माझ्या ढाकेच्या डावाला होते. त्या वर्षी डावी टाच दुखू लागली. सकाळी पहिले पाऊल टाकले की खिळा रुतावा तशी कळ येई. चार पावलांनी ओसरे. फडातून उठताना पुन्हा तेच. नागपंचमीच्या कुस्तीची जोड ठरली होती, म्हणून मी कोणाला बोललो नाही.

एका सकाळी सखोबांनी सर्वांदेखत विचारले, "कारकून, डावी टाच फडातच विसरून येता काय?"

"म्हणजे?"

"मी नाही, माती म्हणते. चवडा उमटलाय, टाच नाही."

वैद्याने बिब्बा घातला. त्याने फोड तेवढा आला. मग सखोबांनी मला आपल्या अंगणात बसवले. तापलेली वीट, तिच्यावर रुईचे पान, पानावर टाच.

"दाबू नका. नुसती ठेवा. फडात बसता तसे बसा, काही न करता."

महिनाभर मी रोज गेलो. दुखणे उतरले की मी आखाड्यात उतरत असे आणि दुखणे परत घेऊन येत असे. सखोबा म्हणत, "तुमचं आपलं असं, मडकं भाजतंय की नाही ते रोज भट्टी उघडून बघायचं."

नागपंचमीला आठ दिवस उरले आणि घोटाही सुजला. मी विचारले, "लढता येईल?"

"येईल की. पुढे चालता येणार नाही." त्यांनी वीट फिरवली. "सोडा, कारकून. तुमची हौस आहे. हौस सोडता येते."

तो शब्द मला लागला. "तुम्हाला काय कळणार त्यातले?" मी म्हणालो. त्यांनी वीट पुन्हा विस्तवावर ठेवली.

जोड मी सोडली. वस्तादांना पाठ धरल्याचे खोटे कारण सांगितले. आखाडा सुटला तो सुटलाच, आणि सखोबांच्या अंगणातही मी पुन्हा गेलो नाही. पुढे कित्येक वर्षे ते वाटेत भेटत, माझ्या पायांकडे पाहत, "ठीक" म्हणत आणि आपल्या वाटेने जात.

ते गेल्याचे कळले तेव्हा मी समाचाराला गेलो. त्यांनी शेवटच्या दिवशी तुडवलेली माती अंगणात तशीच वाळून तडकली होती. हात लावायला कोणी धजले नव्हते. मी वाकून पाहिले. उजवे पाऊल पुरते उमटले होते. डाव्याचा नुसता चवडा होता.

त्यांच्या कारभारणीला मी विचारले, "हे कधीपासून?"

"मी ह्या घरात आले तेव्हापासून. वीट काय तुमच्यासाठी तापवायचे होय, कारकून?"

मी अनवाणी उभा होतो. माझ्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या होत्या.