एल्फांची फौज आणि रफिकभाईंची टेप

वालचंदनगरला जायचं तर बारामती स्टँडवरून सकाळची पहिली एसटी धरावी आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकायची तयारी ठेवावी. नव्वदच्या दशकात एका रविवारी मी तशीच धरली होती, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात कापसात गुंडाळलेले चाळीस एल्फ, म्हणजे इंग्रजी परीकथांतले वनवासी योद्धे. बोटभर उंचीचे, टोकदार कानांचे शिशाचे तिरंदाज, मीच रंगवलेले. टेबलावरच्या लढाईच्या खेळात, तीन स्पर्धांत, हे देखणे बेटे सपाटून हरले होते. या वेळी हरलो तर त्यांना माळ्यावर टाकून राक्षसांची फौज घेईन, असं बायकोला बोलून बसलो होतो. मनातून मात्र अजिबात जायचं नव्हतं राक्षसांकडे.

"डब्यात देव हायेत का?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाय, फौज हाय."

"मग सगळ्यांची तिकिटं काढा की!"

अख्खी एसटी हसली. तिकीट तेव्हा दहाच्या नोटेत बसायचं.

तिथल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुलकर्णीसाहेबांनी परदेशातून या खेळाचं नियमपुस्तक आणलं होतं. खेळ त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चाले. फौजा मांडायच्या, टेपनं अंतर मोजायचं आणि फासे टाकायचे. सकाळच्या दोन्ही लढती मी कशाबशा जिंकल्या. दुपारी पिठलं-भाकरी झाली आणि अंतिम लढतीला समोर आले कळंबचे शिंपी रफिकभाई, त्यांचे राक्षस आणि त्यांची दुकानातली टेप.

माझे बाण दरवेळी थोडक्यात आखूड पडू लागले. शेवटच्या डावात समोर फक्त राक्षसांचा सरदार उरला. बाणाचा पल्ला तीस इंच. टेप लावली, तर एकतीस! मी हात खाली घेतला.

रफिकभाई टेपकडे बघत म्हणाले, "राव, एक वजा केला का?"

"कसला एक?"

त्यांनी टेपचं टोक दाखवलं. सुरुवातच एकच्या आकड्यापासून! पहिला इंच झिजला म्हणून त्यांनी कापून टाकला होता आणि दुकानात ते सवयीनं एक वजा करत.

"मला वाटलं, तुमी बी करताय. तीसच भरतंय. मारा बाण."

"अहो, तुमी हराल की!"

"हरू द्या. माप चोरून जिंकलो तर उद्या दुकानात कुठल्या तोंडानं बसू?"

फाशावर सहाच हवे होते. सहाच पडले. सरदार आडवा झाला आणि सगळ्यात मोठ्यानं रफिकभाईच हसले. मला इतका आनंद झाला की आधी त्यांनाच मिठी मारली. निघताना त्यांनी ती टेप माझ्या खिशात कोंबली.

घरी आल्यावर बायकोला सगळी लढत रंगवून सांगितली आणि एल्फ माळ्यावर गेले नाहीत. उलट त्यांच्यासाठी दिवाणखान्यातल्या कोनाड्यात फळी बसवायची ठरवली. मीच ऐटीत रफिकभाईंच्या टेपनं माप घेऊन सुताराला दिलं. फळी आली ती बरोबर इंचभर लांब.

बायको दारातूनच म्हणाली, "एक वजा केला का, राव?"