सासूबाईंचा आवाज आणि माझा साडू

माझ्या साडूइतका विक्षिप्त माणूस अख्ख्या मालाडमध्ये दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या बायकोचं कसं होत असेल देव जाणे! लोक गाणी ऐकतात. हा दोन आवाजांच्या मधली जागा ऐकतो. कुकरच्या शिट्टीची कोकीळ कर, दारावरच्या बेलचे टाळ कर, असले उद्योग दिवसभर कॉम्प्युटरवर चालू. "एक बारीक करायचा, दुसरा मोठा करायचा, एवढंच ना?" असं मी एकदा म्हणालो, तर महाशय भडकलेच. "ते मिसळणं झालं रे! इथे शिट्टीचीच कोकीळ व्हायला हवी. सांधा कळला की वाट लागली!" मेहुणी रागाने ओरडली तरी हा म्हणणार, "अगं, तेच परत म्हण, जरा लांबव."

गेल्या वर्षी सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज पार घोगरा झाला. शुद्धीवर आल्यावर दोन वाक्यं बोलल्या, स्वतःचा आवाज ऐकला आणि तोंडच मिटलं. बोलल्या नाहीत तर उरलाय तोही आवाज जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. आम्ही विनवण्या केल्या, माझ्या बायकोने रडून पाहिलं. बाई चहासुद्धा खुणेने मागायच्या. त्या घरात बसवत नव्हतं.

साडूने मात्र हॉस्पिटलातली ती दोन वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. फोनवरच्या निरोपांतून त्याने जुना आवाज काढला. "जुना बोलता बोलता नवा होईल. हाही आपलाच आहे हे आईंना पटेल." जुना आवाज ऐकून बाईंनी तोंड कायमचं मिटलं तर? "नको यार," मी म्हणालो. ऐकतो कोण!

रविवारी बोरिवलीला सासूबाईंच्या घरी आम्ही सगळे त्यांच्यासमोर बसलो. "जेवून जा हं, उपाशी जाऊ नका..." तोच गोड आवाज खोलीत आला. सासूबाईंनी पदर मुठीत आवळला. आवाज हळूहळू जाड झाला, खाली उतरला, सांधा कुठे म्हणून नाही, आणि शेवटच्या 'नका'ची चक्क म्हैस झाली! आरे कॉलनीतल्या तबेल्यातली, गळा काढून रेकणारी म्हैस. शहाण्याने चुकून सरावाची फाइल लावली होती.

साडू पांढराफटक. आणि जावयांना कायम अहो-जाहो करणाऱ्या सासूबाई घोगऱ्या आवाजात कडाडल्या, "मेल्या, मला म्हैस केलीस?" आणि हसत सुटल्या. खोकल्या, परत हसल्या.

"आई, खरी फाइल आहे, लावतो," साडू डोळे पुसत म्हणाला.

"राहू दे. मी बोलतेय ना."

ती फाइल आम्ही कुणीच ऐकली नाही. कधी कधी तो जुना आवाज ऐकावासा मला फार वाटतो. पण तो मागायचा म्हणजे समोर बसून बोलणाऱ्या बाईला परकं करायचं. ते मला जमायचं नाही.