तात्यांचा ह्युमरस

आमच्या तात्यांना राग आला की ते आधी हातातलं घड्याळ काढून शेजारच्याकडे देत. घड्याळ निघालं की सांगवीतली माणसं आपापली पोरं घरात घेत. एकदा कालव्यावर कट मारून गेलेल्या एमआयडीसीतल्या कामगाराची मोटारसायकल त्यांनी पाण्यात ढकलली. मग बिचाऱ्याला कामाला उशीर नको म्हणून स्वतःच उतरून बाहेर काढली. मी त्यांना भ्यायचे, तरी मला ते फार आवडत.

घरातल्या भांडणात मात्र त्यांचा कायदा एकच. "रक्ताच्या माणसावर हत्यार उचलायचं न्हाय. पंजा लावायचा. हरंल त्यानं गप बसायचं." माझे वडील, अण्णा, त्यांचे धाकटे भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून दर नांगरटीला शिव्यागाळ व्हायची, मग पंजा व्हायचा, तात्या जिंकायचे आणि बांध ते म्हणतील तिथं घातला जायचा.

एका वर्षी त्याच बांधावरून तात्यांच्या पोरानं, विलासनं, अण्णांच्या डोक्यात दगड घातला. अण्णा रक्तानं माखलेले, हातात पहार. विलासच्या हातात कोयता. आज एकजण जाणार, हे मला दिसत होतं. तात्या धावत आले, विलासच्या थोबाडीत हाणली, दोघांना हत्यारं टाकायला लावली आणि विहिरीच्या कट्ट्यावर कोपर टेकवून अण्णांना म्हणाले, "लाव."

पंजा भिडला. तेवढ्यात विलास कोयता उचलायला वाकला. तात्यांनी त्याच्याकडे मान फिरवली, अंगही फिरलं, आणि ऊस मोडावा तसा आवाज झाला. तात्यांचा हात दंडातून लोंबू लागला. विलास अण्णांवर धावला, तर तात्यांनी डाव्या हातानं कोयत्याचं पातंच धरलं. बोटांतून रक्त गळत होतं. "हरलोय मी," ते म्हणाले. "बांध त्याचा."

बारामतीच्या डॉक्टरांनी ह्युमरस मोडल्याचं सांगितलं. तात्यांना तो शब्द भारीच आवडला. भेटायला येणाऱ्याला ऐकवत, "दंड काय, कुणाचाबी मोडतो. माझा ह्युमरस मोडलाय." चौकशीला आलेल्या हवालदारालाही त्यांनी एवढंच सांगितलं, "मीच मान फिरवली, सायेब. पंजात हाताकडं बघायचं असतं. दुसऱ्या कुणाचा दोष न्हाय."

हवालदार गेल्यावर अण्णांचा बांध फुटला. "दादा, बांध पयल्या जागी घालतो."

तात्या उशीवरून उठूनच बसले. "जिंकल्यालं परत करतोस? मग माझं हाड काय फुकट मोडलं व्हय?"

यंदा तात्या गेले. बांध सरकवून मिळालेली जमिनीची पट्टी आमचीच आहे, पण अण्णांनी तिच्यात अजून नांगर घातलेला नाही. तिथलं गवत विलास म्हशीला कापून नेतो. भारा बांधून झाला की अण्णा पुढे होतात आणि तो त्याच्या डोक्यावर चढवून देतात.