गेटवरचं कोर्ट

रोज सकाळी एकाच जागी चार बायका शाळेच्या व्हॅनची वाट बघत उभ्या राहिल्या की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे साठतात. कोण आणतं माहीत नाही, पण दार उघडलं की आहेतच.

आमची सोसायटी वाघोलीत. व्हॅन वाघोलीच्या ट्रॅफिकमधून यायची, म्हणजे बोलायला वेळ भरपूर. गेटच्या कठड्यावर चौघींची बैठक. साठे काकू पोस्टातून रिटायर झालेल्या. सगळा जन्म बुधवार पेठेत गेला, आता मुलाच्या फ्लॅटमुळे इकडे आल्या आणि नातवाला सोडायला खाली येतात. पल्लवी कॉम्प्युटर कंपनीत, एका कानात कायम मीटिंग. रत्नामावशींच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे. त्या अजूनही पार्किंगला "आमचं ज्वारीचं वावर" म्हणतात. आणि मी, ओवीची आई. शिक्षण सातवी, काळजी मात्र डबल ग्रॅज्युएट.

व्हॅन येईपर्यंत आम्ही देशातले सगळे खटले निकाली काढायचो. पल्लवी मोबाईलवरची बातमी वाचायची, मावशी आरोपीच्या खानदानाचा उद्धार करायच्या आणि शिक्षा मी द्यायचे. फाशी देण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. लहान मुलांचा विषय असेल तर फाशी. गाडी जोरात चालवली तरी फाशी. एकदा भेसळीची बातमी ऐकून मी पनीरवाल्यालाही फाशी दिली.

काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "जरा जपून. कोपऱ्यावरच्या त्या डेअरीचीच बातमी आहे ही. आज त्याला लटकवलंत तर उद्या मटारमध्ये काय घालाल?"

*

मग मुलं पळवणारी टोळी आली. म्हणजे टोळी नाही, मेसेज आला. मी तो लगेच माहेरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी तोच मेसेज माहेरहून मला परत आला. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. दोन ठिकाणांहून आला म्हणजे खरा असणारच.

दुसऱ्या दिवशी मी व्हॅनच्या मागोमाग रिक्षाने शाळेत गेले. बघते तर काय, आवारात झाडाखाली एक दाढीवाला माणूस. गळ्यात कॅमेरा. एकेका पोराला जवळ बोलवत होता, हनुवटी धरून तोंड वर करत होता. ओवीचा नंबर आला आणि मला पुढचं काही दिसेनासं झालं. हातात उन्हाची छत्री होती, ती उगारून मी धावले.

तो शाळेनेच बोलावलेला फोटोग्राफर होता. ओळखपत्राचे फोटो काढत होता बिचारा. मी चारदा सॉरी म्हटलं, मुख्याध्यापिका बाईंनीही मध्यस्थी केली, पण ओवीचा फोटो परत काढायला तो काही तयार झाला नाही.

वर्षभर माझी मुलगी ते ओळखपत्र गळ्यात घालून फिरली. पुढे ती, भोकाड पसरलेली. मागे छत्री, आणि छत्रीखाली माझा उघडा जबडा.

*

खरा गुन्हा घडला तो एका संध्याकाळी, आमच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. मी आणि रत्नामावशी भाजी घेऊन येत होतो. मागून लाल मोटरसायकल आली, मावशींच्या गळ्यातली बोरमाळ ओढली आणि गेली. मावशी रस्त्यात बसल्या. गळ्यावर ओरखडा, हातात मेथीची जुडी तशीच घट्ट धरलेली. त्यांच्या सासूबाईंची माळ होती ती.

चौकीत हवालदारांनी विचारलं, "दिसायला कसा होता?"

मावशी म्हणाल्या, "माणसावानी."

हवालदार माझ्याकडे वळले. मी शेजारीच होते, त्यामुळे माझ्यावर सगळी मदार. मी डोळे मिटून खूप आठवलं आणि ठामपणे सांगितलं, "चोरासारखा होता."

"बाई, चोर कसा दिसतो?"

"टीव्हीत दाखवतात ना, तसा."

हवालदारांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहा मागवला.

*

माळ गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनी एका पोराला पकडलं होतं. टायरच्या दुकानात कामाला, गणेश नावाचा. गाडी लाल. फोटोत तो जमिनीवर बसलेला होता, शर्टाचं बटण तुटलेलं, खाली लिहिलेलं, "हाच तो."

माळ त्याच्याकडे सापडली नाही. पण फोटो सगळ्यांकडे सापडला. मलाच तो सात ग्रुपवरून आला. मी तो मोठा करून करून बघितला. भुवया, नाक, कानाची पाळी. रात्रीपर्यंत तो चेहरा मला माझ्या दिरापेक्षा जास्त ओळखीचा झाला.

चौकीतले साहेब म्हणत होते, चौकशी चालू आहे. आम्हाला चौकशी नको होती, अटक हवी होती. म्हणून पल्लवीने मेणबत्ती मोर्चा ठरवला. शंभर मेणबत्त्या आल्या, चालून भूक लागेल म्हणून वडापावही आले. मी ओवीला कडेवर घेऊन सगळ्यात पुढे, "फाशी द्या, फाशी द्या" करत. बोरमाळेसाठी फाशी. घसा बसला माझा.

साठे काकू गेटवरच उभ्या होत्या. "माणूस नाही गेला, माळ गेलीय," त्या म्हणाल्या. "मेणबत्त्या ठेवा जपून, लाईट गेली की लागतील."

पण मोर्चाचा उपयोग झाला. त्या पोराला अटक झाली. ग्रुपवर एवढे अंगठे आले की मोबाईल गरम झाला.

*

मग ओळखपरेडला बोलावणं आलं. तुरुंगात जायचं म्हणून मी घरून देवाला नमस्कार करून निघाले. तिथे तहसील ऑफिसचे एक साहेब होते. मला आणि मावशींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, एकमेकींशी बोलायचं नाही अशी ताकीद दिली आणि एकेकीला आत नेलं. समोर सारख्याच अंगाची पोरं ओळीने उभी. साहेब म्हणाले, घाई करू नका, नीट बघा.

नीट काय बघायचं? मी आत पाऊल टाकलं आणि बोट दाखवलं. शाळेत असताना एवढ्या झटकन मला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं. छाती फुगवून बाहेर आले.

परतताना रिक्षात मावशींना विचारलं, "तुम्ही कोणाला दाखवलं?"

"त्योच की," मावशी म्हणाल्या. "पर फोटोपरीस लय वाळलाय गं."

दुसऱ्या दिवशी गेटवर मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "छान. म्हणजे परीक्षेच्या आधी पेपर फुटला होता."

"काकू, प्लीज, इतकं निगेटिव्ह नका ना बोलू," पल्लवी म्हणाली.

मीही हसले. मात्र त्याच्या दुसऱ्या दिवशी ओवीच्या डब्यात नुसत्या पोळ्या गेल्या, भाजी द्यायची राहून गेली.

*

तारखा पडत गेल्या. ओवी छोट्या गटातून मोठ्या गटात गेली. मग माझ्या नावाचं समन्स आलं, मावशींची तारीख नंतरची होती. पोलीस दारात बघून आमच्या ह्यांनी आधी मलाच विचारलं, "तू काय केलंस?"

ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. मागे हटायचं नाही. सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न आहे. पल्लवीने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "खांदे सरळ, आवाज क्लिअर, आय कॉन्टॅक्ट सोडायचा नाही." मी आरशासमोर आय कॉन्टॅक्टची प्रॅक्टिस केली. मलाच माझी भीती वाटली.

नेमकी ओवीला सुट्टी. तिला घेऊनच शिवाजीनगरला कोर्टात गेले. बाहेरच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती, तिने सरकून जागा दिली. पाण्याची बाटली मला उघडेना. तिने उघडून दिली. ओवी पेंगायला लागली तर म्हणाली, "आणा इकडं, तुमची साडी चुरगळंल." आणि मी दिली. ज्या बाईने फोटोग्राफरवर छत्री उगारली, तिने आपली पोरगी अनोळखी बाईच्या खांद्यावर दिली. कोर्टाची भीती सगळ्यात मोठी असते, दुसरं काय.

ती सांगायला लागली. "माझ्या पोराची तारीख हाय. वरीस झालं आत हाय. कोर्टानं जामीन दिला, पर जामीन ऱ्हायला कुणी उभंच राहीना. दुकानाचा मालक बी नाय, भावकी बी नाय. जो तो म्हणतो, आमच्या मोबाईलमधी त्याचा फोटो आलाय."

फोटो म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण फोटो तर रोज कितीतरी येतात. मी उलट तिलाच धीर दिला. "काय केलंय त्याने?"

"त्यो म्हणतो, कायबी नाय. आज एक बाई येणार हाय साक्षीला. तिनं डोळ्यानं बघितलंय म्हणं. ती म्हणंल तसं हुईल."

"घाबरू नका," मी म्हटलं. "खरं असेल तेच ती सांगेल."

तेवढ्यात दारातून शिपायाने पुकारा केला. त्या पोराचं नाव घेतलं, मग माझं.

बाकावरून आम्ही दोघी एकदमच उठलो.

*

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले. ओवी त्या बाईच्या खांद्यावर झोपलेली तशीच आत आली होती, परत मागायलाही वेळ मिळाला नव्हता. मी शपथ घेतली, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. सरकारी वकिलांनी त्या संध्याकाळचं सगळं विचारलं, भाजी, मोटरसायकल, माळ. ते मी नीट सांगितलं. आवाज क्लिअर, खांदे सरळ.

मग ते म्हणाले, "माळ ओढणारा माणूस आज कोर्टात आहे का? असेल तर दाखवा."

मागच्या बाजूला पोलिसांच्या शेजारी तुरुंगातून आणलेली पोरं ओळीने उभी होती, वेगवेगळ्या खटल्यांतली. सगळी वाळलेली, सगळ्यांचे केस बारीक कापलेले, सगळ्यांची दाढी वाढलेली. मी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बघितलं. परत पहिल्यापासून बघितलं. पाठ केलेल्या भुवया, पाठ केलेलं नाक, काही कोणाला लागू पडेना. मोटरसायकलवरचा माणूस आठवायचा प्रयत्न केला, तर एक पाठ दिसली आणि धूळ.

सगळे माझ्या बोटाची वाट बघत होते. घाबरले की मी जे नेहमी करते तेच केलं, ओवी कुठे आहे ते बघितलं. ओवी झोपली होती. तिला धरलेली बाई भिंतीला टेकून उभी होती. एक हात ओवीच्या पाठीवर थोपटत होता, पण नजर ओवीकडे नव्हती.

मी त्या नजरेच्या मागे मागे गेले आणि बोट दाखवलं.

"तो. तिसरा."

सरकारी वकील समाधानाने खाली बसले. आरोपीचे वकील उठले, तरुणच होते, गळ्यातला वकिली पांढरा बँड सारखा करत म्हणाले, "बाई, मला एवढंच सांगा. कशावरून ओळखलंत?"

आय कॉन्टॅक्ट काही जमला नाही. मी खाली लाकडाच्या कठड्याकडे बघत सांगितलं, "त्या बाई त्याच्याकडे बघतायत ना साहेब, त्यावरून. आई आहे ती त्याची."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. त्यांनी जज्जसाहेबांकडे बघितलं.

"साहेब, हे लिहू का?"

"लिहा," साहेब म्हणाले. "जसंच्या तसं लिहा."