घर वळवणारी लिचीआत्या

कुणाच्याही घरी गेली तरी आत्या आधी परसात जायची. थोरल्या बहिणीसाठी स्थळ बघायला आम्ही पितों गावाला गेलो, तेव्हा मुलगा कोट घालून समोर बसलेला आणि आत्या मागे पेरूची पानं उलटी करून बघत होती. आत येऊन म्हणाली, "घर बरं हाय. झाडाला उजेड देतात." लग्न जमलं.

आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावात सगळे तिला लिचीआत्या म्हणत. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्या घरी, राहायला आली. तिचं स्वतःचं असं परसात एकच होतं, लग्नाआधी लावलेलं लिचीचं झाड. फळात अळी निघाली की आम्ही अळीला शिव्या द्यायचो. आत्या म्हणायची, "तिला का बोलता? जागा तिच्या आईनं निवडली."

सत्तरच्या दशकात एका वादळात घराचे पत्रे उडाले. बाबांनी सिमेंटची खोली बांधायचं ठरवलं आणि जागा आखली ती नेमकी त्या झाडावर. "फळं सगळी किडकी. ठेवायचं कशाला?" आत्यानं एक हंगाम मागून घेतला. बाबांनी बजावलं, अळी निघाली की कुऱ्हाड.

मग रोज तिन्हीसांजेला ती झाडाखाली बसू लागली. करडी पाकोळी यायची, सुट्या फळावर टेकून उडायची. जिथे दोन फळं गालाला गाल लावून असत, तिथे मात्र अंडी घालायला रेंगाळायची. "बाळंतिणीला आडोसाच लागतो," आत्या म्हणाली, आणि कात्री घेऊन शिडीवर चढली. घड विरळ करायला लागली. खाली हिरव्या फळांचा सडा.

"ताई, फू झालीस काय? येडी झालीस?" बाबा ओरडले. "पाखरं खातात ते कमी हाय?"

"शिडी धर नीट. मी पडले तर कोण बघंल तुझी खोली?"

बाबांनी शिडी धरली. कुंपणाशी शेजारणी हसत होत्या. आत्यानं वरूनच विचारलं, "तुम्ही एका खाटेवर किती जणं निजता गं?" त्या तोंडाला पदर लावून पळाल्या.

डिसेंबरात, आमच्याकडे लिच्या पिकतात तेव्हा, बाबा पाटीभर लिच्या घेऊन पायरीवर बसले आणि एकेक देठाकडून फोडू लागले. आत्या तांदूळ निवडत होती, पण नजर त्यांच्या बोटांवर. फळामागून फळ स्वच्छ निघालं. पाटी संपत आली आणि एकात अळी वळवळली. आत्याचा हात सुपात तसाच राहिला.

बाबांनी ते फळ कोंबड्यांकडे भिरकावलं. "ही आपली न्हाय. शेजारच्या झाडावरनं आलीया."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. बाबा त्याला म्हणाले, "खोली तिकडं वळव. हे आमच्या ताईचं झाड हाय."

ऐंशीच्या दशकात आत्या गेली. आमची ती खोली आजही घराशी तिरकी उभी आहे. गवंड्याची चूक समजून पाहुणे हसतात. मी आधी त्यांच्या हातावर लिची ठेवते, आणि मग सांगते घर कुणासाठी वळलं ते.