कॅटलॉगातली खालची ओळ

दुपारच्या उन्हात हँगरचा पत्रा तडतडतो आहे. कुंदा गावंडे स्टोअररूममधल्या बाकावर जरा पाठ टेकते. कॅप्टन हर्डीकर बायको-मुलीला घेऊन चार वाजता विमान उडवणार आहेत, तोवर वीस मिनिटं डोळा लागला तर काही बिघडत नाही. पापण्या जड होतात, पत्र्याचा आवाज लांब लांब जातो, आणि शेजारच्या कपाटाशी कोणीतरी पुस्तक चाळायला लागतं.

अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान सावकाश उलटायची ती पद्धत तिच्या ओळखीची आहे.

"तुस्कानो सर?"

विमानाच्या देखभालीचं काम तिला वसईच्या या तुस्कानो सरांनीच शिकवलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ते गेल्यावर फ्लाइंग क्लबाने त्यांचं कपाट रिकामं केलं आणि या जुन्या चार आसनी विमानाची मूळ पुस्तकं रद्दीत गेली. कुंदा तेव्हापासून ती शोधते आहे. मॅन्युअल एका निवृत्त इंजिनियरकडे मिळालं. सुट्या भागांच्या कॅटलॉगाची मात्र झेरॉक्सच हाती लागली, तीही पुसट.

"शेपटीच्या पंखाला कुठला बोल्ट घातलास?" सर वळून बघत नाहीत.

"कॅटलॉगात आहे तोच. पान एकेचाळीस."

"वाच."

ती वाचायला घेते. पानाचा खालचा भाग काळा आहे. कपाटाच्या मागे भिंत नाही, रद्दीचे गठ्ठे आहेत, छतापर्यंत. त्यांच्यामधल्या बोळातून सर पुढे चालले आहेत. तिला त्यांच्या मागे जायचं नाही, तरी पाय चालतात. बोळ संपतो तिथे इस्पितळातली खाट आहे आणि सर तिच्यावर पडून आहेत. हाताला सलाईन लावलेलं आहे. नळीतून काळं तेल उतरतं आहे.

"विमानाचा सिरियल नंबर सांग."

तो तिला तोंडपाठ आहे. तो सांगताना तोंडात लोखंडाची चव भरते.

"त्या नंबराच्या विमानाला लांब बोल्ट लागतो," सर म्हणतात. "खालच्या ओळीत छापलंय."

"ती ओळ झेरॉक्समध्ये आलीच नाही, सर."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही गेलात ना."

सर उशीवरून मान वळवून तिच्याकडे बघतात. "हो का," एवढंच म्हणतात.

त्यांच्या चेहऱ्याकडे तिला बघवत नाही. ती नजर खाली वळवते, तर खाली शेतं आहेत, फार खाली. खाट राहिलेली नाही. ती वैमानिकाच्या सीटवर आहे आणि सर शेजारी. मागच्या सीटवरून कॅप्टन हर्डीकरांची बायको मुलीला कालवा दाखवते आहे. विमानाचं नाक वर उचलायला कुंदा दांडा मागे ओढते. तो सैल आहे, कशालाच जोडलेला नसल्यासारखा.

"काल नटाच्या बाहेर आटे किती दिसले?"

बोल्टाचा निदान एक आटा नटाबाहेर दिसायलाच हवा, हे सरांनीच तिला शिकवलं होतं. काल संध्याकाळी शेपटीखाली आडवं होऊन, बॅटरी धरून तिने नीट पाहिलं होतं. मग एवढं चालतं असं स्वतःशीच म्हणून झाकण लावून टाकलं होतं.

"कुंदा, किती?"

"एकही नाही, सर."

विमानाचं नाक खाली जातं. मागचं बोलणं थांबतं. सर तिचं मनगट धरतात. त्यांचा हात गार आहे.

"मग काढ तो," ते म्हणतात.

जाग येते तेव्हा ती बाकावर नाही. हँगरमध्ये, विमानाच्या शेपटीखाली, फरशीवर गुडघे टेकून बसली आहे. वरचं झाकण उघडं आहे आणि बोल्टाचं भोक रिकामं. तिच्या उजव्या मुठीत काहीतरी रुततं आहे. मूठ उघडायला तिला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागते. आत तो बोल्ट आहे, नटासकट.

ती नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघते. मधल्या पत्र्याची आणि वॉशरची जाडी धरली, तर टोक नटाच्या आतच राहतं.

"काय गावंडे, झालं का तयार?" कॅप्टन हर्डीकर दारातून विचारतात. त्यांच्यामागे बायको आणि मुलगी उन्हात उभ्या आहेत.

"आज उडायचं नाही, कॅप्टन." ती बोल्ट त्यांच्यापुढे धरते. "हा आखूड आहे. चूक माझीच."

ते बोल्ट उलटसुलट करून बघतात, मग वर रिकाम्या भोकाकडे. चेहरा उतरतो. "बरं झालं काढलास. कधी काढलास?"

"झोपेत," कुंदा म्हणते आणि सरांनी धरलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळते.