दोन बोटं सैल

चर्चमध्ये शिकवलेल्या दहाही आज्ञा शिंपीणकाकूंना पाठ होत्या. अकरावी मात्र त्यांची स्वतःची होती, आणि पाळायला तीच त्यांना सगळ्यात सोपी जायची: जे शिवाल ते दोन बोटं सैल शिवा. माणूस आज आहे तसा उद्या राहत नाही, अंग सुटतं, कापड आटतं, आणि बोलणी शेवटी शिवणाऱ्याला खावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणण्यात खोट काढायची सोय नव्हती, कारण काकूंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

ही आज्ञा मशीनपुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. घरात स्वयंपाक दोन माणसं जादा धरून व्हायचा. गाडीने कुठे जायचं तर काकू स्टेशनवर इतक्या आधी पोचत, की आधीच्या गाडीला निरोप देऊन मग आपल्या गाडीची वाट बघत बसावं लागे. आणि काकांच्या पँटी तर लग्नापासून निव्वळ पट्ट्याच्या जिवावर उभ्या होत्या. काका बस डेपोत मेकॅनिक. "सासऱ्यांनी लग्नात मला पट्टा दिला होता," ते डेपोत सांगायचे, "तेव्हा वाटलं, काय हा आहेर! मुलीला ओळखून होते बिचारे."

काका निवृत्त झाले, मुलं आपापल्या संसाराला लागली, तेव्हा एका रविवारी उपासनेनंतर पाळकांनी विचारलं, की मिशनतर्फे परदेशात अपंगांना चाकाच्या खुर्च्या द्यायच्या आहेत, कोण जाईल? खुर्च्या जोडणारा एक हवा आणि मापं घेणारा एक. काकांनी हात वर केला. काकूंनी तो खाली ओढायच्या आत पाळकांनी पाहिला. मग काकूंनी वैतागून स्वतःचाही वर केला. ह्या माणसाला परक्या मुलखात एकटं सोडलं तर पट्टा कुठेतरी विसरून येईल, ही त्यांना खरीच काळजी होती.

अशी ही जोडी एका पत्र्याच्या गोदामात येऊन पडली. खुर्च्या सुट्या भागांत यायच्या, तीन मापांच्या: अरुंद, मधली, रुंद. काका चाकं आणि ब्रेक बसवायचे. काकू टेप घेऊन माणसाची कंबर, मांडी, गुडघ्यापासून टाच मोजायच्या आणि काकांना ओरडून सांगायच्या कुठली काढायची ते. पहिल्याच दिवशी मिशनच्या तिथल्या केंद्राच्या मॅडमनी शिकवलं होतं, की खुर्ची पायातल्या बुटासारखी अंगाबरोबर बसली पाहिजे. सैल झाली तर माणूस एका बाजूला कलतो, पाठ वाकते, हात चाकांना नीट पोचत नाहीत. काकूंनी मान हलवली. मुरलेली माणसं नवं शिकताना हलवतात तशीच. आणि दुसऱ्या दिवसापासून अरुंदवाल्याला मधली आणि मधलीवाल्याला रुंद द्यायला सुरुवात केली. बसून बसून अंग धरणारच ना माणूस!

हळूहळू रुंद खुर्च्या संपत आल्या. अरुंद मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या तशाच कोपऱ्यात धूळ खात होत्या. मॅडमनी वरच्या कचेरीला कळवूनसुद्धा टाकलं, की इथली माणसं अंगाने भरलेली आहेत, रुंद खुर्च्या पाठवा. रस्त्यावर बघावं तर सगळ्या काटक्या. पण मॅडम कामात असायच्या, रस्त्यावर बघायला त्यांना कुठली सवड!

तेवढ्यात एक न्हावी आला. आला म्हणजे भाच्याने पाठीवर घेऊन आणला. घराचं गळकं छप्पर दुरुस्त करताना तो खाली पडला होता आणि कमरेखालचं सगळं गेलं होतं. पुढे दुकान, मागे खोली, मध्ये एक दार, एवढा त्याचा संसार. बायको केव्हाच गेलेली. दुकान बंद पडलं होतं आणि भाच्याला तिथे मोबाईल दुरुस्ती थाटायची होती. भाचा वाईट नव्हता. "ह्या महिन्यात मामा दुकानात येऊन बसला तर दुकान त्याचं," तो म्हणाला. "नाही तर मी पाटी लावतो. जागा कुलपात ठेवून कसं भागणार?"

"पलंगावरून मला दुकानातला आरसा दिसतो," न्हावी काकूंना म्हणाला. "त्यात मी सोडून सगळं दिसतं."

तीन महिन्यांत मोडकीतोडकी शिकलेली तिथली भाषा त्यांना ऐन वेळी सुचेना. त्यांनी नुसतं माप घेतलं. न्हावी म्हणजे हाडांचा सापळा. अरुंद खुर्ची त्याला चपखल बसली असती. काकूंनी ओरडून सांगितलं, "अहो, मधली काढा!" एवढ्या दुःखी माणसाला त्या कंजुषी कशी करणार?

महिना सरता सरता खुर्ची त्याच्या घरी पोचली आणि काकांनी ती मागच्या खोलीतच जोडली. मॅडमनी प्रार्थना केली, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानात न्हाव्याने गिऱ्हाइकासाठी एक बुटकं स्टूल आणून ठेवलं होतं, म्हणजे बसल्या बसल्या डोक्यापर्यंत हात पोचेल. त्याने चाकं फिरवली, दारापाशी आला, आणि चाकांच्या कड्या दोन्हीकडून चौकटीला खाड्कन अडल्या. मागे येऊन पुन्हा. जरा तिरकं करून पुन्हा. टाळ्या थांबल्या.

"दारच अरुंद आहे हो," मॅडम म्हणाल्या. शेजारचा गवंडी भिंत ठोकून म्हणाला, की चौकट काढली तर वरचं छप्पर खाली येईल. सगळ्यांनी मिळून दाराला नावं ठेवली. दार बिचारं काय बोलणार!

"लग्न झालं तेव्हा ह्याच दारातून आम्ही दोघं एकदम आत आलो होतो," न्हावी हसत म्हणाला. मग हसू मावळलं. भाच्याकडे न बघता तो म्हणाला, "लाव तुझी पाटी."

काकूंना गप्प बसता आलं असतं. दारावर बिल फाटलंच होतं. कळलं होतं ते एकट्या काकांना, आणि तेही बायकोकडे न बघता आपला पट्टा चाचपत उभे होते. काकूंनी पिशवीतून टेप काढला. न्हाव्याची कंबर पुन्हा मोजली, ह्या वेळी टेप अंगाशी धरून. मग दार मोजलं.

"दार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी चुकले. ह्यांना अरुंद खुर्ची हवी होती, मी मोठी दिली."

"का पण?" मॅडम.

"सवय." काकूंचे कान तापले होते. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. "आणि एकट्या ह्यांनाच नाही. सगळ्यांनाच."

मॅडम मट्कन पलंगावर बसल्या. कचेरीला काय काय कळवलं होतं ते त्यांना एकेक करून आठवत असावं.

तोवर काका पट्टा सावरत गोदामाकडे सुटले होते. अरुंद खुर्ची प्लॅस्टिकसकट डोक्यावर घेऊन ते परतले आणि रस्त्यावरच ती जोडायला बसले. पाना धरायला भाचा स्वतःहून पुढे झाला. खुर्ची आत नेली, न्हावी बसला. चाकं फिरली. दोन्हीकडे आगपेटीतली काडी मावेल एवढी जागा ठेवून खुर्ची दारातून पार झाली.

न्हावी आरशासमोर थांबला. काका पान्याकडेच बघत राहिले.

"केस फार वाढलेत माझे," न्हावी शेवटी म्हणाला. डोळे पुसून त्याने ब्रेक लावला, कातर उचलली आणि स्टुलावर फडकं झटकलं. "बाई, या. पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

काकूंनी आयुष्यात न्हाव्यापुढे मान दिली नव्हती. पण आज नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्या बसल्या. उद्यापासून घरोघर जायचं होतं, जिथे अरुंद खुर्ची चालेल तिथे ती बदलायची, नाही तिथे दोन्ही बाजूंना उशा शिवून द्यायच्या, आणि प्रत्येक दारात हेच पुन्हा सांगायचं. पाठीमागे न्हाव्याने त्यांचा अंबाडा सोडला.

"किती कापू?"

काकूंनी आरशात बघितलं. त्यात न्हावी दिसत होता.

"दोन बोटं," त्या म्हणाल्या. "मोजून."